परदेशात पहाटे तीनला जागी होणारी पोरं
पश्चिमेकडच्या देशात उतरलो की आमची दोन्ही पोरं पहाटे तीनला टक्क जागी. शरीराचं घड्याळ तिथल्या वेळेकडे दिवसाला साधारण तासभरच सरकतं, म्हणून बळंच झोपवायचा हट्ट सोडला. उठली तर मंद दिवा, थोडं खाणं, हळू आवाजात गोष्ट. मोबाइल नाही, त्याच्या उजेडाने झोप आणखी उडते.

खरा फरक पडला तो संध्याकाळच्या उन्हाने. दिवस मावळेपर्यंत मैदानात खेळवलं, की झोपेची वेळ पुढे सरकते. दुपारची झोप मात्र तासाभरात मोडायची (भोकाड पसरतात, पसरू द्या). पूर्वेला जाताना उलट, सकाळचा उजेड हवा. तो प्रवास जास्त जड जातो. पोचल्यावर पहिल्या दिवसाची फिरण्याची कुठलीच तिकिटं आम्ही आता काढत नाही.