जुन्या वर्तमानपत्रांत शब्दाचा माग काढताय? या चुका टाळा

एखादा शब्द पूर्वी कोणत्या अर्थाने वापरत, हे पाहायचे तर जुन्या वर्तमानपत्रांसारखी जागा नाही. ‘दर्पण’ हे पहिले मराठी वर्तमानपत्र 6 जानेवारी 1832 रोजी निघाले. तेव्हापासूनचे चालू मराठी तिथे तारखेसकट छापलेले आहे. स्कॅन केलेले काही जुने अंक आता घरबसल्याही पाहता येतात. पण शब्द टाकला, आकडा आला, निष्कर्ष काढला, अशी घाई केली की फसगत ठरलेली.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आजचा अर्थ मनात धरून जुनी ओळ वाचणे. ‘मोर्चा’ घ्या. आज आपल्या डोळ्यांसमोर येतात ती घोषणा देत निघालेली माणसे. जुन्या लढाईच्या वर्णनात मोर्चा म्हणजे तोफा लावून, आडोसा धरून लढायची जागा. ‘मोर्चेबांधणी’ या शब्दात तो अर्थ अजून शिल्लक आहे. किल्ल्यापुढे ‘मोर्चे लावले’ असे वाचून तिथे निदर्शने झाली असे कोणी समजणार नाही, पण आजूबाजूचा मजकूर कापून ओळ तेवढी उचलली तर असे घोटाळे सहज होतात. म्हणून अख्खी बातमी वाचा आणि शब्दाशेजारचे क्रियापद टिपून ठेवा. मोर्चा ‘लावला’, ‘बांधला’, की ‘काढला’, ‘नेला’? अर्थ कुठे सरकला याचा पहिला सुगावा मला तरी क्रियापदातच लागतो. शंका राहिली तर आजच्या कोशाआधी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडा. त्याची पहिली आवृत्ती 1831 ची, दुसरी 1857 ची, म्हणजे तो त्याच काळातला साक्षीदार आहे.

शोधून काहीच मिळत नाही?

लगेच ‘हा शब्द तेव्हा नव्हताच’ असे म्हणू नका. आधी लेखन तपासा. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. त्याआधीच्या अंकांत ‘नांव’, ‘गांव’, ‘कांहीं’ असेच सापडेल. मग प्रत्यय. ‘मोर्चा’ शोधला तर ‘मोर्च्यांत’ निसटतो, तेव्हा नुसते ‘मोर्च’ टाकून पाहा. शिवाय जुन्या छपाईतली जोडाक्षरे स्कॅनमधली अक्षरे ओळखणारे मशीन चुकीची वाचते, ओळीच्या शेवटी शब्द दुभंगलेला असतो आणि शिळाछापावरचा, म्हणजे दगडावरून छापलेला, हस्ताक्षरी मजकूर तर त्याला बहुधा लागतच नाही.

अशा वेळी शब्द सोडा आणि घटना धरा. आगगाडीसाठी काय काय शब्द चालत होते ते पाहायचे असेल, तर बोरीबंदर ते ठाणे गाडी सुटली तो 16 एप्रिल 1853 चा दिवस घ्या आणि त्याच्या मागचे-पुढचे अंक डोळ्यांनी वाचा. साप्ताहिकात बातमी उशिरा येते, हे धरून चला. ‘लोखंडी रस्ता’ हा शब्द शोधाच्या चौकटीत टाकायचे तुम्हाला एरवी सुचणारही नाही.

बोलतोय कोण, हेही पाहायला हवे. संपादकाचा लेख, वाचकाचे पत्र, जाहिरात आणि दुसऱ्या वर्तमानपत्रातून उतरवून घेतलेली बातमी यांची भाषा एक नसते. ‘दर्पण’मध्ये तर इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी-शेजारी असे. तिथला एखादा अवघडलेला शब्द रोजच्या बोलण्यातला आहे की इंग्रजीवरून बेतलेला, हे दोन्ही रकाने वाचल्याशिवाय ठरवू नये.

आकड्यांवरही भिस्त ठेवू नका. एकच बातमी चार पत्रांनी उचलली तर शब्द चारदा मोजला जातो. पुढच्या काळात पत्रे वाढली, पाने वाढली, त्यामुळे उल्लेख वाढणारच. तुलना करायची तर तितक्याच पानांची करा. ‘पहिला वापर’ असे तर लिहूच नका. ‘मला सापडलेला सर्वांत जुना उल्लेख’ असे लिहा, कारण बरेच अंक गहाळ आहेत.

राहिली तारीख. अंकावर नुसता शके असेल तर इसवी सन काढताना सरसकट 78 मिळवू नका. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या अंकांना 79 मिळवावे लागतात: शके 1753 च्या पौषातला अंक 1832 चा असू शकतो. टिपण करताना पत्राचे नाव, छापलेली तारीख, पान, रकाना आणि पूर्ण वाक्य मूळ अनुस्वारांसकट उतरवून घ्या.