कंपूबाजीला वैतागून सोडून चाललात? आधी या चुका टाळा

दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी मला मेसेज करतो, दादा बास झालं, इथे आतल्या चारपाच जणांचंच चालतं, मी रात्र रात्र बसून लिहिलं आणि एका मिनिटात उडवलं. मी दर वेळी तेच ते सांगतो, म्हणून आता एकदाच लिहून ठेवतोय. विकिपीडिया असो, लोकांनी मिळून काढलेला ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा असो की दहा जणांनी मिळून चालवलेला एखादा शब्दसंग्रह, दुखणं एकच.

सगळ्यात पहिली चूक म्हणजे फुकटचं काम आहे तर राजकारण नसणार असं धरून येणं. गोव्याच्या माणसाने ही चूक केली की मला हसूच येतं. अरे, आपण देवस्थान कमिट्या बघत मोठे झालो ना? महाजन, म्हणजे देवळाच्या कारभारात हक्क असलेला, कोण आणि नुसता भाविक कोण हे १९३३ च्या पोर्तुगीज कायद्यात कागदावर आहे, मानपानावरून कोर्टात गेलेली देवळं आपल्याला तोंडपाठ आहेत. आणि तोच माणूस लॅपटॉप उघडला की म्हणतो, इथे सगळे समान. समान नसतात. फरक इतकाच की देवळात निदान महाजनांची यादी असते, इथे ती कुठेच लिहिलेली नसते, ती तुम्हाला मार खाऊन कळते.

आणि हे फक्त आपल्याकडे नाही हं. इंग्रजी विकिपीडियावर महिन्याला निदान ५ संपादनं करणारे २००७ मध्ये ५० हजारांच्या वर होते, २०१३ पर्यंत ते ३१ हजारांच्या आसपास आले. नवख्याचं काम झटक्यात उलटवणारी अवजारं आणि वाढत गेलेले नियम, ही त्याची कारणं अभ्यासकांनीच मांडली आहेत.

आता छोट्या चुका पटापट. आल्या आल्या मोठ्या पानाला हात घालू नका. गोव्याचा १९८७ चा, कोकणी-मराठी वादातला राजभाषा कायदा हा पहिल्या आठवड्यात सुधारायचा विषय नाही, आपल्या वाड्यावरची तळी घ्या. रात्री अकरानंतर उत्तर लिहू नका, मी फोन चक्क दुसऱ्या खोलीत ठेवतो. ब्लॉक झाल्यावर दुसरं खातं काढून परत येऊ नका, पकडले जाता आणि मग तुमचं खरं म्हणणंही कोणी ऐकत नाही. आणि आकड्यांच्या मागे लागू नका. स्कॉटलंडच्या स्कॉट्स भाषेतल्या विकिपीडियाचं काय झालं आठवा, २०२० मध्ये कळलं की हजारो पानं एका अमेरिकन पोराने लिहिली होती ज्याला ती भाषाच येत नव्हती, आणि इतकी वर्षं लोक त्याला मोठा कार्यकर्ता समजत होते. झटपट शंभर पानं टाकणारे नवशिके बघितले की मला तेच आठवतं.

आता माझी लाडकी चूक, म्हणजे मी स्वतः केलेली. आतल्या ग्रुपमध्ये जाणं.

प्रकल्पाचं नाव सांगत नाही. गावोगावच्या जागांची नावं गोळा करायची, असं काम होतं. वर्षभर इमानदारीत राबलो तर एक दिवस मला व्हॉट्सॲपवरच्या ‘कोअर’ ग्रुपमध्ये घेतलं. सात जण. खरं सांगतो, बरं वाटलं, वाटलं आपण महाजन झालो. तेव्हाच सत्तरीतल्या एक बाई नव्याने आल्या होत्या, शाळेत शिकवायच्या, त्यांनी आपल्या भागातल्या ६१ जागा घातल्या, व्हाळ, झर, कुळागर, सगळं गावात म्हणतात तसं. आमच्यातल्या एका जुन्याने ‘प्रमाण नावे’ म्हणून सगळं बदललं. व्हाळाचा ओढा, झरीचा झरा, आणि कुळागराची बाग! कुळागर म्हणजे माडा-पोफळींची, केळीची, मिरीच्या वेलींची, पाटाच्या पाण्यावरची सगळी दुनिया, तिची झाली बाग. बाईंनी चर्चेच्या पानावर विचारलं. तिकडे ग्रुपमध्ये मेसेज आला, ‘जरा बघा रे हे’. बस, एवढाच. मी फोंड्याच्या बस स्टँडवर उभा होतो, छत्री मानेत धरून एका हाताने टाइप केलं, ‘सहमत’. त्यांचं म्हणणं वाचलंसुद्धा नाही. दहा मिनिटांत आम्ही चार जण सहमत. बाहेरून बघणाऱ्याला वाटणार, वा, एकमत!

बाईंनी एकच ओळ लिहिली, ‘व्हाळाला ओढा कधीपासून म्हणायला लागलो आपण?’ आणि गेल्या. त्याआधी त्यांनी लिहिलं होतं की आणखी तीस वाड्यांची वही तयार आहे, चतुर्थी झाली की घालते. ती वही काही आली नाही. दोन वर्षांनी वाळपईच्या पुढे एका लग्नाला गेलो होतो, वाटेत पुलाजवळ पंचायतीची निळी पाटी, त्यावर स्वच्छ लिहिलेलं, अमुक व्हाळ. गाडी थांबवून फोटो काढला, घरी येऊन एकसष्टच्या एकसष्ट नावं एकेक करून परत फिरवली आणि ग्रुप सोडला. बाईंना निरोप टाकला, उत्तर नाही.

तेव्हापासून माझी सवय अशी की कोणी खाजगीत ‘जरा बघ’ म्हटलं की मी सरळ चर्चेच्या पानावर लिहितो, ‘मला इकडे बोलावलंय, म्हणून आलोय’. लोक चिडतात. चिडू देत.

दुसरी मोठी चूक, पुरावा न ठेवता बोंब मारणं. ‘इथे दादागिरी आहे’ असं नुसतं लिहून काही होत नाही, कोणी कधी काय उलटवलं त्या बदलांच्या लिंका तारखेसकट जमवा, पानाच्या इतिहासात सगळं असतं. मी साध्या वहीत लिहितो, लाईट गेली तरी वही राहते. क्रोएशियन विकिपीडियावर एका टोळक्याने वर्षानुवर्षं इतिहासाची पानं हवी तशी वळवली, विरोध करणाऱ्यांना ब्लॉक केलं. २०१३ मध्ये तिकडच्या वर्तमानपत्रांत बोंब झाली, विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनचा अहवाल यायला २०२१ उजाडलं. आणि तुम्हाला आठवड्यात न्याय पाहिजे!

थेट वर धावण्याचंही तसंच. २०१९ मध्ये याच फाउंडेशनने इंग्रजी विकिपीडियाच्या एका प्रचालकाला (पानं उडवायचे, लोकांना ब्लॉक करायचे अधिकार असलेला सदस्य) वर्षभरासाठी बंदी घातली, तक्रारी गुप्त ठेवल्या, तर वीसेक प्रचालकांनी पदं सोडली आणि शेवटी तिथल्याच लवाद समितीने बंदी उठवली, पद मात्र परत दिलं नाही. वरून आलेला न्याय खालच्यांना पचत नाही, मग तो बरोबर असला तरी.

राहिली ती ‘मी चाललो’ पोस्ट. लांबलचक, जखमी, शेवटी ‘सर्वांना शुभेच्छा’. मी दोनदा लिहिलीय. दुसऱ्या वेळी खाली एकाने शांतपणे विचारलं, जायच्या आधी तेवढी ती डिचोलीची अर्धवट राहिलेली यादी पुरी करून जाता का. बसलो पुरी करत. अजून मये गाव व्हायचंय.