गोव्यात कोवर्किंगची सीट घेताय? या चुका टाळा

पणजीच्या पाट्टोपासून पर्वरी, म्हापसा, आसगावपर्यंत कोवर्किंगच्या, म्हणजे भाड्याने सीट घेऊन इतरांसोबत बसून काम करण्याच्या, जागा झाल्या आहेत आणि नवे लोक त्याच त्या चुका करताहेत. फोटो बघायचे, दर विचारायचा, मोबाईलवर एकदा स्पीड टेस्ट घ्यायची आणि तीन महिन्यांचे पैसे भरून मोकळं व्हायचं.

स्पीड टेस्टवर भिस्त

व्हिडिओ कॉलला येताना-जाताना ३–४ एमबीपीएस पुरतात. त्यामुळे २०० चा आकडा बघून काहीही सिद्ध होत नाही. बघायचं असतं ते लाईट गेल्यावर काय होतं हे.

जुलैतली दुपार घ्या. वारा सुटतो, लाईट जाते. दहा-पंधरा सेकंदांत जनरेटर लागतो, दिवे-पंखे परत येतात आणि मॅनेजरच्या दृष्टीने विषय संपतो. पण तेवढ्यात राउटर आणि फायबरचा डबा, म्हणजे ओएनटी, बंद पडून नव्याने सुरू होत असतात. नेट यायला दोन-तीन मिनिटं लागतात. ऐन डेमोच्या मधोमध कॉल तुटलेला असतो. माणूस घाईने मोबाईलचा हॉटस्पॉट लावतो, तर जुन्या घराच्या जाड चिऱ्याच्या भिंतीत सिग्नल एक काडी. दुपारभरात असं तीनदा झालं की समोरचा क्लायंट पुढचं काम देताना विचार करतो. जनरेटर होता, २०० एमबीपीएस होते, फक्त राउटरला यूपीएस नव्हता.

म्हणून चाचणीच्या दिवशी मॅनेजरला सरळ सांगावं: मी कॉल लावतो, तुम्ही एक मिनिट मेन स्विच बंद करा. कॉल टिकला तर जागा खरी. टाळाटाळ झाली तर तिथून उठावं. राउटर आणि ओएनटी दोन्ही यूपीएसवर हवेत. एकच असून भागत नाही, हे बऱ्याच जागांना अजून उमगलेलं नाही. स्वतःच्या केबिनमध्ये राउटर असेल तर छोटा १२ व्होल्टचा यूपीएस घ्यावा, पण आधी राउटरच्या ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून.

दुसरी लाईन आहे का, हेही विचारावं. दोन कंपन्यांच्या फायबर एकाच खांबावरून येत असतील तर एक माड पडला की दोन्ही जातात. चाचणी सकाळी नऊला रिकाम्या हॉलमध्ये घेऊ नये, साडेअकराला गर्दीत घ्यावी. ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला लॅपटॉपवरून दहा मिनिटं सलग पिंग लावावं, म्हणजे डेटाची छोटी पाकिटं पाठवून उत्तर येतं का ते बघावं. पाकिटं एक टक्क्याहून जास्त गळत असतील तर कॉलमध्ये आवाज तुटणारच. चिऱ्याच्या भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झचं वायफाय नीट पोचत नाही, म्हणून बॅगेत पाच मीटर कॅट-६ नेटवर्क केबल आणि ती लॅपटॉपला जोडायचा लॅनचा ॲडॅप्टर ठेवावा.

दुसऱ्या दिवशी रेट कार्ड

ब्रॅड न्यूबर्गने २००५ साली सॅन फ्रान्सिस्कोत कोवर्किंग सुरू केलं ते एकट्याने काम करणाऱ्यांना स्वातंत्र्यही राहावं आणि सोबतही मिळावी म्हणून. इथे मात्र लोक दुसऱ्याच दिवशी व्हॉट्सॲप ग्रुपवर रेट कार्डची पीडीएफ टाकतात आणि महिन्याने ‘इथं नेटवर्किंग होत नाही’ म्हणून जागा सोडतात. ही घाई मला मुळीच पटत नाही.

पहिले दोन आठवडे काही विकू नका. दुपारी एक वाजता डबा सामायिक टेबलावर उघडा, तेवढा वेळ हेडफोन काढून ठेवा. कोंकणी तोडकीमोडकी आली तरी बोला. कुणाचं वीस मिनिटांत सुटणारं काम असेल तर सोडवून द्या. वीसच मिनिटं, नाहीतर फुकटची नोकरी लागते. काम विचारलं तर ‘वेबसाईट करतो’ म्हणू नका. ‘लहान हॉटेलांना थेट बुकिंगची वेबसाईट करून देतो’ असं सांगा. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लगेच एखादा ओळखीचा हॉटेलवाला येतो. ऑक्टोबर ते मार्च गर्दी तरंगती असते. पावसात उरतात ते इथले सीए, आर्किटेक्ट, छपाईवाले. ओळखी तेव्हा करा.

बाकीच्या चुका

बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो. तुमची नोंदणी फक्त महाराष्ट्रातली, २७ ने सुरू होणारी, असेल तर गोव्यातल्या सीटवर गोव्याचाच कर लागतो आणि त्याचं इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, महाराष्ट्रातल्या नोंदणीवर मिळत नाही. दर ठरवताना हे धरा.

जीएसटी नोंदणीसाठी इथला पत्ता हवा असेल तर करार, मालकाचं संमतिपत्र आणि वीजबिल मिळेल का, हे पैसे भरण्याआधी विचारा.

पगाराचे, कराराचे कॉल हॉलमध्ये घेऊ नका. फोन बूथ किती आणि माणसं किती, ते मोजा.

विंडोजमध्ये नेटवर्क ‘पब्लिक’वर ठेवा, फाईल शेअरिंग बंद.

लॉक-इन (ज्या काळात जागा सोडता येत नाही) आणि नोटीस (सोडण्याआधी किती दिवस कळवायचं) या वेगवेगळ्या गोष्टी असतात. डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार ते लेखी घ्या.

पावसात हार्ड डिस्क, कॅमेरा लॉकरमध्ये ठेवायचे तर घट्ट डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह. त्या पुड्याही दर महिन्याला बदला.