भूगोलाच्या तासाला कुणी बाहेर राहू नये म्हणून

भूगोल नकाशावर उभा आहे आणि नकाशा डोळ्यांवर. सर्वसमावेशक शिक्षणाची प्रशिक्षणं कितीही केली तरी भूगोलाच्या शिक्षकाची गाडी अडते ती इथंच. मराठीच्या तासाला धडा वाचून दाखवता येतो. भूगोलाच्या तासाला भिंतीवरच्या नकाशावर छडी फिरवून ‘ही बघा कृष्णा, ही इकडून अशी आली’ म्हटलं, की ज्याला दिसत नाही त्याच्या पदरात काहीच पडत नाही.

मी साताऱ्यात माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. माझ्या वर्गांत दृष्टिहीन मुलं होती, कमी ऐकू येणारी होती, कुबड्या घेऊन येणारी होती. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळीबरोबर येऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी निघून जाणारीही होती. अशा मुलांसाठी धडा झाल्यावर वेगळी सोय करायला जाऊ नका, हे मी प्रत्येक नव्या शिक्षकाला सांगते. वेगळी सोय परीक्षा, स्नेहसंमेलन, निवडणुकीची कामं यांत पहिल्यांदा बुडते. धडाच असा आखा की तो हाताला, कानाला आणि डोळ्याला एकदमच पोचेल. तो दरवर्षी कामाला येतो आणि सगळ्या वर्गाला त्याचा फायदा होतो.

पहिलं काम बोलण्याचं. नकाशा समोर नाही असं समजून वर्णन करायची सवय लावून घ्या. आधी पूर्ण आकार, मग कडा, मग आतले तपशील, आणि प्रत्येक गोष्टीला दिशा. ‘सातारा जिल्ह्याची पश्चिम कड म्हणजे सह्याद्रीची मुख्य रांग. उत्तरेकडून महादेव डोंगररांग आत येते. तिच्या अलीकडे कृष्णेचं खोरं, पलीकडे भीमेचं.’ दिशा मात्र शरीरानं शिकवाव्या लागतात. आमच्याकडे सोपं आहे: शहराच्या बहुतेक भागातून अजिंक्यतारा किल्ला दक्षिणेला. सगळ्या वर्गाला किल्ल्याकडे तोंड करून उभं करायचं. मग डावा हात पूर्वेला, उजवा पश्चिमेला, म्हणजे यवतेश्वर आणि कासच्या बाजूला. जूनचे पहिले दोन तास यातच गेले तरी जाऊ द्या.

आता हातानं वाचायचा नकाशा. याला खर्च फार नाही, पण शिस्त लागते. जाड पुठ्ठा, सुतळी, लोकर, फेविकॉल, पॉलिश पेपर, शर्टाची बटणं. कडधान्यं आणि साबुदाणा चिकटवू नका. मुंग्या लागतात आणि सुट्टीत उंदीर नकाशा खातात. एका नकाशात तीनपेक्षा जास्त पोत घालू नका. डोळा गर्दीतून वाट काढतो, बोटाला ते जमत नाही. नद्यांचा नकाशा वेगळा, डोंगरांचा वेगळा, पिकांचा वेगळा. वरचा उजवा कोपरा तिरका कापून ठेवा, म्हणजे नकाशा हातात आला की उत्तर कुठली ते विचारावं लागत नाही. नावं नकाशावर न लिहिता ब्रेलमध्ये फक्त आकडे द्या आणि सूची वेगळ्या कागदावर. बारीक सीमारेषांसाठी शिंप्याकडचं दातेरी चाक उत्तम. जाड कागदाखाली घडी घातलेलं कांबळं ठेवून ते फिरवलं, की मागच्या बाजूला उठावाचे ठिपके येतात. फक्त रेष मागून उठते हे ध्यानात ठेवा आणि आकृती उलटी काढा, नाहीतर कोकण पूर्वेला जाईल.

माझा सगळ्यात वापरला गेलेला नकाशा कृष्णा-कोयनेचा आहे. दोन्ही नद्या महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावतात. कृष्णेला जाड सुतळी, कोयनेला लोकर, धरणाच्या जागी बटण. कोयना बराच पल्ला सरळ दक्षिणेला जाते आणि हेळवाक गावापाशी एकदम पूर्वेला वळते. तिथं लोकर जवळजवळ काटकोनात वळवायची. एका दृष्टिहीन मुलीनं डावं बोट कोयनेवर आणि उजवं कृष्णेवर ठेवून महाबळेश्वरपासून दोन्ही हात एकदम खाली आणले. कराडला बोटं एकमेकांवर आदळली. ‘बाई, या तर समोरासमोर येऊन भिडतात!’ कराडच्या या संगमाचं, म्हणजे प्रीतिसंगमाचं, वैशिष्ट्य नेमकं तेच आहे, आणि डोळ्यांनी नकाशा बघणाऱ्या मुलांपैकी कुणी ते आपणहून सांगितल्याचं मला आठवत नाही. तेव्हापासून सगळा वर्ग तो नकाशा डोळे मिटून वाचतो.

मुलीचा हात धरून ओढत नकाशावर फिरवू नका. तुमचा हात नकाशावर ठेवा, तिला तुमच्या हातावर हात ठेवू द्या आणि वेळ द्या. बोटांनी नकाशा वाचायला डोळ्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणून नकाशा आदल्या दिवशीच तिच्याकडे दिला तर ती तासाला वर्गाच्या पुढे असते.

पाऊस दोरीनं शिकवा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. हे आकडे फळ्यावर निव्वळ आकडेच राहतात. साडेपाच मीटर सुतळी कापून व्हरांड्यात आडवी पसरवा, मुलांना तिच्या कडेनं चालत जाऊ द्या. मग अर्धा मीटरची सुतळी पायाशी उभी धरायला सांगा. ती गुडघ्याच्या आसपास संपते. पर्जन्यछायेचा, म्हणजे डोंगराआडचा कमी पावसाचा, प्रदेश म्हणजे काय, यावर नंतर फारसं बोलावं लागत नाही. चाकाच्या खुर्चीवरचा मुलगा खुर्ची त्या सुतळीच्या कडेनं नेतो, कमी ऐकू येणारी मुलगी ती डोळ्यांनी मोजते. त्याच तासाला डबे फिरवायचे: कासच्या बाजूचा जांभा दगड, कृष्णाकाठची काळी माती, माणची मुरमाड माती. जांभ्याची भोकं बोटाला लागली की, इतका पाऊस पडूनही पठारावर मातीचा थर पातळ का, हा प्रश्न मुलंच विचारतात.

कमी ऐकू येणाऱ्या मुलांचा मुद्दा भूगोलात जरा निराळा आहे. ओठ वाचणाऱ्या मुलाला नकाशा आणि तुमचं तोंड एकाच वेळी बघता येत नाही. तुम्ही नकाशाकडे वळून बोलत राहिलात तर त्याचं दोन्हीकडचं जातं. आधी नकाशा दाखवा आणि गप्प राहा. त्यानं मान वर केली की वर्गाकडे तोंड करून बोला. समोच्च रेषा, जलविभाजक, खोरं असे नवे शब्द तास सुरू होण्याआधी फळ्यावर लिहून ठेवा. मुलगा खुणांची भाषा वापरत असेल तर त्या शब्दांच्या खुणा त्याच्याकडूनच सगळ्या वर्गानं शिकाव्यात.

रंगांचंही बघा. लाल-हिरव्यातला फरक न कळणारी मुलं, बहुधा मुलगे, वर्गात असू शकतात आणि ती कधी बोलत नाहीत. भूमापन नकाशात आणि पाठ्यपुस्तकात रंगांवर फार भिस्त असते. रंगाच्या जोडीला रेघा, ठिपके किंवा अक्षर द्या, म्हणजे कुणाला विचारायची वेळच येत नाही.

स्थलांतराच्या धड्याला मात्र जपून. ऊसतोडीच्या कुटुंबातल्या मुलाला उभं करून ‘तुम्ही इकडं का येता रे?’ असं विचारणारे शिक्षक मी पाहिले आहेत, आणि मुलाची मान खाली जाताना पाहिली आहे. असं कधीही करू नका. त्याऐवजी प्रत्येकानं आपल्या नात्यातल्या एका माणसाचा प्रवास नकाशावर काढायचा. कुणाचा काका माथाडी कामगार म्हणून मुंबईला गेलेला, कुणाचा मामा खानापूर-आटपाडीकडून गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी पार दुसऱ्या राज्यात, कुणाचे आजोबा मेंढरं घेऊन कोकणात उतरणारे. मग बीडहून ऊसतोडीच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, आलेल्या मुलाचा रस्ताही त्याच नकाशावर येतो, आणि वाटेतले तालुके त्याला सगळ्यांपेक्षा चांगले ठाऊक असतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एका वसतिगृहात ठेवली. त्या गावात शिकवताना कुणा मुलाला वेगळं काढून उभं करणं मला तरी सोसत नाही. तो मार्चमध्ये जाणार हे माहीत असतं, म्हणून त्याच्या वहीबरोबर महाराष्ट्राचा एक कोरा आणि एक भरलेला नकाशा देऊन ठेवा.

क्षेत्रभेटीला सगळ्यांना जाता येईल तीच जागा निवडा. आधी स्वतः जाऊन पायऱ्या, चिखल, स्वच्छतागृह आणि गाडी कुठपर्यंत जाते ते बघून या. ‘तू शाळेतच थांब, आम्ही फोटो आणतो’ हे वाक्य कुठल्याही मुलाच्या कानावर पडता कामा नये.

परीक्षेची तयारी पहिल्या सत्रापासूनच करा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. लेखनिक, म्हणजे सांगितलेलं उत्तर लिहून देणारा मदतनीस, घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या २०१८ च्या सूचनांत ताशी किमान २० मिनिटं जादा वेळ सांगितला आहे, म्हणजे दोन तासांच्या पेपरला चाळीस मिनिटं. कागदपत्रं जुलैतच हाताशी घ्या, प्रमाणपत्राला वेळ लागतो. लेखनिकाबरोबर भूगोलाचाच सराव करून घ्या, कारण आलेखाचं वर्णन ऐकून लिहिणं हे निबंध लिहिण्यासारखं नाही. घटक चाचणीत नकाशा भरण्याच्या प्रश्नाला उठावाच्या नकाशावर टाचण्या लावू द्या किंवा तोंडी उत्तर घ्या. आपल्याला स्थान माहीत आहे का ते तपासायचंय, पेन्सिल किती नीट चालते ते नाही.

आणि तयार केलेले नकाशे एकावर एक रचून कपाटात ठेवू नका. उठाव दबतो आणि पुढच्या वर्षी हाताला काही लागत नाही. दोन भोकं पाडून, सुतळी ओवून ते खिळ्याला टांगा, वर्गातल्या सगळ्यात लहान मुलाचा हात पोचेल अशा उंचीवर.