ऱ्य, ॲ आणि ₹ : कीबोर्डवर न सापडणारी अक्षरे कशी टाइप करावीत

‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधली खोल जागा. ‘आचार्यांना’ म्हटले की गुरुजन, ‘आचाऱ्यांना’ म्हटले की स्वयंपाकी. एवढा अर्थ त्या एका ‘र’वर अवलंबून असूनही पुष्कळ मजकुरात सगळीकडे रफारच दिसतो. आडवा ‘र’ कोणत्या कळीवर आहे हे टाइप करणाऱ्याला कुणी सांगितलेलेच नसते. शिवाय अक्षर पडद्यावर बरोबर दिसले म्हणजे काम झाले असेही नाही. त्यामागचा युनिकोड अंक, म्हणजे संगणकात त्या अक्षरासाठी ठरलेला क्रमांक, चुकला, तर शोधताना तो शब्द सापडत नाही.

आधी मराठी कीबोर्ड सुरू करून घ्या. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन या वाटेने जाऊन मराठी भाषा जोडा. भाषा बदलायला विंडोज कळ आणि स्पेसबार. मॅकवर सिस्टीम सेटिंग्जमधल्या कीबोर्ड विभागात इनपुट सोर्सेस आहे. तिथे अधिकच्या चिन्हावर टिचकी मारून देवनागरी निवडा. लिनक्समध्ये, ग्नोम डेस्कटॉप असेल तर, सेटिंग्ज, कीबोर्ड, इनपुट सोर्सेस. बदलायला सुपर आणि स्पेसबार. कोणती कळ काय देते हे दिसत राहावे म्हणून विंडोजवर विंडोज, कंट्रोल आणि ओ या कळा एकत्र दाबून पडद्यावरचा कीबोर्ड उघडा. शिफ्ट दाबली की त्यावरची अक्षरेही बदलतात. पहिले काही दिवस तो उघडाच ठेवावा.

पुढच्या कळा इनस्क्रिप्ट मांडणीच्या, म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षराला ठरलेली कळ असलेल्या मांडणीच्या, आहेत. इंग्रजी उच्चारावरून टाइप करण्याची सवय असलेल्यांनीही विशेष अक्षरांपुरती इनस्क्रिप्ट जवळ ठेवावी, कारण उच्चारावर चालणारी साधने शब्दाचा अंदाज बांधतात आणि नेमक्या याच अक्षरांत तो अंदाज फसतो.

आडवा र

जे कळीवर ‘र’ आहे, शिफ्ट धरून जे दाबली की ‘ऱ’ येतो. डी कळीवर हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडणारे चिन्ह (्), आहे आणि तिरप्या रेघेच्या कळीवर ‘य’.

१. जे, डी, तिरपी रेघ : र्य
२. शिफ्ट-जे, डी, तिरपी रेघ : ऱ्य
३. शिफ्ट-जे, डी, यू : ऱ्ह

म्हणजे ‘दऱ्या’ साठी ओ, शिफ्ट-जे, डी, तिरपी रेघ, ई. वऱ्हाड, कुऱ्हाड, तऱ्हा, सुऱ्या, सगळ्यांना हेच सूत्र. ‘र’ला खाली नुक्ता, म्हणजे ठिपका, देऊन मग हलन्त दिला तरी हाच आकार येतो आणि त्याला चूक म्हणता येणार नाही, कारण युनिकोडमध्ये ‘ऱ’ आणि ‘र अधिक नुक्ता’ समतुल्य मानले आहेत. तरी एकच अक्षर असलेला ‘ऱ’ वापरणे सोयीचे. नुक्त्याचा ‘र’ बॅकस्पेसने खोडायला दोनदा दाबावे लागते आणि पहिल्या वेळी नुक्ताच जातो, हे लक्षात न आल्याने नव्या चुका होतात.

ॲ

इथे मात्र समतुल्यतेचा आधार नाही. महाराष्ट्र शासनाने २००९ साली प्रमाण केलेल्या वर्णमालेत ॲ आणि ऑ हे स्वर आहेत. युनिकोडमध्ये ॲ २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आला. त्याआधी लोक ‘अ’ टाइप करून त्यावर ‘ॅ’ ही मात्रा चढवत, आणि ती सवय अजून टिकून आहे. दिसायला दोन्ही सारखेच, पण संगणकाच्या लेखी एक अक्षर आहे आणि दुसरी दोन अक्षरांची जोडी. ‘ॲप’ शोधाल तर जोडीने लिहिलेला ‘अॅप’ बहुतेक ठिकाणी हाती लागत नाही. काही फाँटमध्ये तर ती मात्रा ठिपक्यांच्या वर्तुळावर वेगळी पडते.

शिफ्ट आणि १ दाबून पाहा. ॲ उमटला तर प्रश्न मिटला. ‘ए’वर चंद्र असलेला ऍ उमटला तर तो हिंदीचा, मराठीत तो चालवून घेऊ नका. अशा वेळी ॲ चा अंक वापरा : ०९७२.

अंकावरून अक्षर

इथे अंक देवनागरीत छापले आहेत, पण टाइप करताना इंग्रजी अंकच लागतात. म्हणून अंक टाइप करण्याआधी कीबोर्ड इंग्रजीवर न्या. युक्ती चालत नाही अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा कारण एवढेच असते.

विंडोजवर वर्डमध्ये किंवा लिब्रेऑफिस रायटरमध्ये ०९७२ लिहा आणि ऑल्ट-एक्स दाबा. अंक जाऊन ॲ येतो. आधीच्या शब्दाला चिकटून एखादा अंक किंवा ए ते एफ मधले इंग्रजी अक्षर असेल तर तेही त्यात ओढले जाते, म्हणून अशा ठिकाणी फक्त चार अंक निवडून मग ऑल्ट-एक्स दाबा.

मॅकवर इनपुट सोर्सेसमध्ये ‘युनिकोड हेक्स इनपुट’ जोडा, त्यावर या, ऑप्शन दाबून धरा आणि चार अंक टाइप करा. चौथ्या अंकाला अक्षर उमटते.

लिनक्सवर कंट्रोल-शिफ्ट-यू दाबा, अधोरेखित यू दिसला की ०९७२ आणि एंटर. यू दिसलाच नाही तर त्या प्रोग्रॅममध्ये ही सोय नाही असे समजा. दुसरीकडे टाइप करून चिकटवा.

हाताशी ठेवण्याजोगे आणखी काही अंक : ऱ ०९३१, ॐ ०९५०, दंड । ०९६४, दुहेरी दंड ॥ ०९६५.

वाङ्‌मय, उद्‌घाटन

‘उद्घाटन’ सरळ टाइप केले की द आणि घ एकाखाली एक जाऊन गचडी होते. हलन्त मोकळा ठेवायचा असेल तर हलन्तानंतर एक अदृश्य, शून्य रुंदीचे चिन्ह टाकावे लागते. त्याचा अंक दोन, शून्य, शून्य आणि इंग्रजी सी. वर्डमध्ये ‘वाङ्’ लिहा (ङ शिफ्ट-यू वर आहे), इंग्रजीवर या, हा अंक लिहून ऑल्ट-एक्स दाबा, मराठीवर परत जाऊन ‘मय’ पूर्ण करा. दर वेळी ही कसरत नको असेल तर तयार शब्द ऑटोकरेक्टमध्ये एकदा नोंदवून ठेवा. हे चिन्ह गरज असेल तिथेच वापरा. दिसत नसले तरी ते मजकुरात असतेच, आणि पुष्कळ प्रोग्रॅम शोधताना ते धरतात.

₹, ° आणि इतर चिन्हे

रुपयाचे चिन्ह जुलै २०१० मध्ये स्वीकारले गेले आणि त्याच वर्षी युनिकोडमध्ये आले. विंडोजवर ‘इंग्रजी (इंडिया)’ कीबोर्ड असेल तर उजवी ऑल्ट आणि ४. अमेरिकी इंग्रजी कीबोर्डवर ही जोडी चालत नाही. लिनक्सवर कंपोझ कळ (जिच्यानंतर दोन कळा ओळीने दाबल्या की एक चिन्ह उमटते) ठरवून घेतली असेल तर कंपोझ, मोठा आर, बरोबरचे चिन्ह. मॅकवर कंट्रोल-कमांड-स्पेसबारने चिन्हांची खिडकी उघडून तिथून घ्या.

अंशाचे चिन्ह मॅकवर ऑप्शन-शिफ्ट-८ ने येते, लिनक्सवर कंपोझ आणि दोनदा ओ. विंडोजवर ऑल्ट धरून उजवीकडच्या अंकपॅडवर ०१७६. गुणाकाराच्या × साठी ०२१५, लांब रेघेसाठी ०१५१. नमलॉक सुरू हवे, आणि वरच्या ओळीतले अंक चालत नाहीत. सुरुवातीचे शून्यही गाळू नका. शून्याशिवाय १७६ दिले की विंडोज जुन्या डॉसचा तक्ता वापरते आणि अंशाऐवजी ठिपक्यांचा चौकोन येतो. अंकपॅड नसलेल्या लॅपटॉपवर विंडोज आणि पूर्णविराम दाबून चिन्हांचा विभाग उघडणे सोपे.

संशय आला तर

दुसऱ्याने पाठवलेल्या मजकुरातला एखादा शब्द शोधूनही सापडत नसेल तर तो वर्डमध्ये चिकटवा, कर्सर संशयित अक्षराच्या लगेच पुढे ठेवा आणि ऑल्ट-एक्स दाबा. अक्षराच्या जागी त्याचा अंक दिसेल. परत दाबले की अक्षर परत येते. ॲ च्या जागी ०९७२ ऐवजी ०९४५ दिसला तर ती मात्रा आहे, म्हणजे तिथे अ आणि ॅ ची जोडी टाइप केलेली आहे. मग ती जोडी कॉपी करून ‘फाइंड’च्या चौकटीत आणि खरा ॲ ‘रिप्लेस’च्या चौकटीत टाका. सगळा मजकूर एकदम दुरुस्त होतो.