जनुकाची तारीख होते तेव्हा: जैविक डेटा सांभाळताना या चुका टाळा

जनुकांची यादी एक्सेलमध्ये उघडली आणि मध्येच ‘२-सप्टेंबर’ दिसलं, तर तो कुणाचा वाढदिवस नव्हे. तिथे सेप्ट२ नावाचं जनुक होतं, एक्सेलने त्याची तारीख करून टाकली. ही खोड २००४ मध्येच एका शोधनिबंधात दाखवली गेली होती. तरी २०१६ च्या एका पाहणीत, जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या निबंधांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात ती सापडली. अखेर मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीनेच नमतं घेतलं आणि २०२० पर्यंत सेप्ट२ चं सेप्टिन२, मार्च१ चं मार्चएफ१ झालं. सॉफ्टवेअरपेक्षा जनुकाचं पुन्हा बारसं करणं सोपं पडलं!

बिघडलेली यादी हाताने सुधारायला बसू नका. मार्च१ आणि मार्क१ ही दोन वेगळी जनुकं, पण दोघांचीही ‘१-मार्च’ होते, मग मागे कसं जाणार? मूळ फाइल शोधा, आणि ती एक्सेलमध्ये घेतानाच नावांचा स्तंभ ‘टेक्स्ट’ ठेवा. त्याहून बरं म्हणजे नावासोबत एन्सेम्बल या जनुकांच्या माहितीसाठ्यातला क्रमांकही जपा. मात्र त्यातल्या टिंबानंतरचा आकडा आवृत्तीचा असतो. एका फाइलीत तो असेल आणि दुसरीत नसेल, तर दोन फायलींची जोडणी रिकामीच निघते.

दोन प्रयोगशाळांच्या फायली जुळत नसतील, तर आधी त्या कशा जुळत नाहीत ते पाहा. एकही नोंद जुळली नाही, तर बहुधा एकीत गुणसूत्राचं नाव नुसतं ‘१’ आहे आणि दुसरीत त्याआधी ‘सीएचआर’ (क्रोमोसोम, म्हणजे गुणसूत्राचं लघुरूप) लावलंय. गुणसूत्रावरच्या सगळ्या जागा नेमक्या एकाने सरकल्या असतील, तर बेड फाइल (जीनोमच्या पट्ट्यांची यादी) शून्यापासून मोजते आणि व्हीसीएफ फाइल (डीएनएतल्या बदलांची यादी) एकापासून, हे कुणीतरी विसरलंय. जागा सापडतात पण तिथली डीएनएची अक्षरं भलतीच, असं असेल तर संदर्भ जीनोमची, म्हणजे तुलनेसाठी वापरायच्या प्रमाण मानवी जीनोमची, आवृत्ती वेगळी. २००९ ची जीआरसीएच३७ ही आवृत्ती अजून पुष्कळ ठिकाणी वापरात आहे, २०१३ ची जीआरसीएच३८ येऊन इतकी वर्षं झाली तरी. आवृत्ती फाइलीच्या नावातच लिहा. ‘नवीन_अंतिम_२’ या नावातून कुणालाच काही कळत नाही.

नमुन्यांची अदलाबदल पकडायला एक सोपी चाचणी आहे. आरएनए डेटा (कोणतं जनुक किती चालू आहे याची मोजणी) असेल, तर एक्झिस्ट हे सहसा स्त्रियांतच चालू असणारं जनुक आणि पुरुषांतच असणाऱ्या वाय गुणसूत्रावरची जनुकं तपासा. ‘पुरुष’ म्हणून नोंदलेल्या नमुन्यात एक्झिस्ट जोरात आणि वाय गप्प असेल, तर नळीवरची चिठ्ठी संशयास्पद. अशा वेळी ज्याच्याशी अदलाबदल झाली तो जोडीदार नमुनाही शोधा, कारण एक नमुना चुकीच्या जागी गेला म्हणजे बहुधा दुसराही गेलेला असतो. (कर्करोगाच्या गाठींत वाय हरवूही शकतं, तिथे लगेच निकाल देऊ नका.)

सगळे रुग्ण पहिल्या खेपेत आणि सगळे निरोगी दुसऱ्या खेपेत तपासले असतील, तर फरक आजाराचा की खेपेचा, हे कुठलंही सांख्यिकी सूत्र सांगू शकत नाही. नमुने यंत्रावर चढण्याआधीच रुग्ण आणि निरोगी दोन्ही खेपांत विखरून ठेवा.

‘मोजलं नाही’ आणि ‘शून्य आलं’ यांना वेगळी खूण द्या. ‘-९९९’ लिहिलं, तर ते सरासरीत घुसतंच.

शेकडो जीबींची फाइल उतरवली की चेकसम (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) मूळ फाइलीच्या चेकसमशी जुळवा, अर्धवट उतरलेली फाइल दिसायला पुऱ्या फाइलीसारखीच असते. मग मूळ फायलींवर लिहिण्याचा अधिकार काढून टाका, आधी स्वतःचा.