गड्डा संपला की गच्चीवर चढा

आपल्या सोलापुरात उन्हाळ्याची तयारी म्हणजे कूलरला नवीन वाळा घालायचा एवढंच डोक्यात असतं, पण माझं म्हणणं आहे पहिला पैसा छतावर घाला, कारण एकमजली घरात सगळ्यात जास्त गरमी वरनंच येते. मे महिन्यात रात्री अकराला स्लॅबला खालनं हात लावून बघा, चटका बसतो, दिवसभर शोषलेलं ऊन तो रात्रभर घरात सोडत बसतो आणि फॅन तीच गरम हवा अंगावर मारतो.

म्हणून जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्डा यात्रा संपली की गच्ची झाडून, घासून घ्यायची, भेगा भरायच्या आणि पाडव्याच्या आत चुना मारून टाकायचा. चुनकळी आदल्या रात्री भिजवायची (पाणी उकळतं बरं का, पोरांना लांब ठेवा, डोळ्यात उडाला तर वाईट), सकाळी गाळून त्यात थोडा फेविकॉल घालायचा, दोन हात मारायचे, पहिला वाळल्यावरच दुसरा. पावसात धुऊन जातो, त्यामुळे दरवर्षी करावं लागतं, पण सगळ्यात स्वस्त हेच. पत्र्यावर मात्र चुना टिकत नाही, तिथं गंज खरवडून रेड ऑक्साइड आणि वर पांढरा बाहेरचा पेंट. काळी टाकी असेल तर तिच्यावर सावली करा, नाहीतर दुपारी नळाला उकळतं पाणी येतं.

शहराच्या पूर्व भागात आमची आई पत्र्याखाली बसून विड्या वळायची, दुपारी तेंदूपानं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची आणि तेच फडकं मधनंमधनं स्वतःच्या मानेवर ठेवायची. आम्ही पत्र्याखाली सीलिंग केलं आणि मधली गरम हवा बाहेर जायला दोन्ही टोकांना जाळी ठेवली, तेव्हा कुठं तिला दुपारी बसणं जमायला लागलं. ही जाळी विसरू नका, नाहीतर गरमी वरच कोंडून राहते.

पश्चिमेची खिडकी छज्जानं वाचत नाही, ऊन तिरपं आत घुसतं, तिला बाहेरनं बांबूची चिक किंवा हिरवी नेट लावा. आतल्या पडद्याचा उपयोग कमी, काच ओलांडून ऊन आत आलेलंच असतं. सकाळी नऊ-दहाला खिडक्या बंद, रात्री हवा फिरली की सगळ्या उघड्या. कूलर चालू असताना मात्र समोरची एक खिडकी उघडी पाहिजेच. आपल्याकडं मार्च ते मे हवा कोरडी असते म्हणून तो चालतो, जूनमध्ये दमट झालं की नुसता चिकचिकाट.

एप्रिलमध्ये वळवाच्या वाऱ्याआधी पत्र्याचे जे-हूक आणि वायसर (पत्रा धरून ठेवणारे बोल्ट आणि चकत्या) एकेक बघून घ्या. पत्रा उडू नये म्हणून वर दगड ठेवतात ते लई धोक्याचं आहे, वाऱ्यानं खाली कोणाच्या डोक्यात जाईल सांगता येत नाही.

माळवद (लाकडी तुळयांवरचं मातीचं छत) असेल तर ते नशीबच, उन्हाळ्यात गार असतं, पण दरवर्षी वर माती टाकत गेलं की वजन वाढत जातं, आणि आता पाऊस एकदा लागला की झड थांबत नाही, ती माती भिजून आणखी जड होते. मृगाच्या आधी गवत उपटा, तुळयांना वाळवी लागली का ते टोचून बघा, जुनी माती उतरवूनच नवीन टाका. सलग पाऊस असेल त्या रात्री म्हाताऱ्या माणसांना त्याखाली झोपवू नका.

गच्चीचा ढाळ आणि पन्हाळ याच वेळी साफ करा. आपला वर्षाचा पाऊस साधारण ५५० मिमी, म्हणजे ५०० चौरस फुटाच्या गच्चीवर वर्षाला पंचवीसेक हजार लिटर पाणी पडतं, आणि नळाला मात्र काही दिवसाआड. पहिला पाऊस सोडून द्या, नंतरचं फिल्टर लावून बोअरजवळच्या खड्ड्यात.

नाल्याकाठी किंवा सीना नदीच्या बाजूला राहणाऱ्यांनी सॉकेट छातीइतके वर घ्या, मीटर त्याहून वर. सप्टेंबर २०२५ च्या पुरात लांबोटीजवळ पुणे हायवे बंद पडला होता, तेव्हा सीनेकाठच्या गावांत पाणी घरात शिरलं होतं. आधारकार्ड, सातबारा, बँकेचं पुस्तक एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवा, आणि ती कुठं आहे ते घरातल्या पोरांनाही माहीत असू द्या.